चावीवरून घेतलेली वायर

उद्धवरावांना पाण्याची भीती वाटायची आणि ही गोष्ट त्यांनी जगापासून लपवली होती, बायकोपासून तर सगळ्यांत आधी. उस्मानाबादकडच्या कोरड्या मुलखातून काळेवाडीत येऊन गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलेला हा धिप्पाड माणूस. ट्रकखाली निजून धुमसती वायर नुसत्या हाताने ओढून काढायचा, पण पवनेच्या पुलावर आला की सायकलवरून उतरायचा आणि रस्त्याच्या मधोमध चालायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, चेन उतरते. बिचाऱ्या चेनला उगाच बोल. लहानपणी गावच्या विहिरीतून बुडालेल्या चुलतभावाला वर काढताना त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून गुडघाभर पाणीही त्यांना अथांग वाटे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात पिंपरीच्या एका कंपनीतले नंदकिशोर साहेब जीपमागे ट्रॉली लावून दुकानासमोर आले. ट्रॉलीवर लाकडी मोटरबोट! बघायला अर्धी काळेवाडी लोटली. पवना धरणाच्या जलाशयात साहेब ती हौसेने फिरवत. लाकडी बोट म्हटलं की तळात थोडंफार पाणी झिरपायचंच. ते बाहेर फेकायला एक छोटा पंप होता. पाणी साठलं की तरंगता फ्लोट वर उचलला जायचा, त्याने बटण दाबलं जायचं आणि पंप आपोआप चालू व्हायचा. आता तो होईना, एवढीच तक्रार. बोट कोरड्या जमिनीवर होती, त्यामुळे उद्धवराव बेधडक तिच्या पोटात शिरले.

दोष लगेच सापडला. बॅटरीकडून येणारी वायर जोडावर हिरवी पडून कुजली होती. ती काढताना मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. कुणा येड्याने ही वायर थेट बॅटरीवरून घेतली होती. त्यांच्या धंद्यात हे पाप. चावी काढली की गाडीत कुठेही करंट राहता कामा नये, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली आणि मालक दारात उभा. उद्धवरावांनी मोठ्या शहाणपणाने नवी वायर चावीवरून घेतली, म्हणजे चावी लावली तरच पंपाला करंट. तळात पाणी ओतलं, चावी फिरवली, पंप घुर्रकन सुरू झाला. साहेब खूश.

"रविवारी तुम्ही नवरा-बायको दोघंही चला धरणावर," साहेब म्हणाले. "माझी बायकोही येणार आहे, पद्मजा. बोट मध्यावर उभी करू, जेवू, गळ टाकून बसू."

उद्धवराव घाईने पक्कड पुसू लागले. "कौशल्या येईल साहेब. मला एक ट्रक द्यायचाय, अर्जंट हाय."

ट्रक कुठलाच नव्हता. रविवारी दुकान बंद असतं हे कौशल्याबाईंना चांगलं ठाऊक होतं. पण धरण बघायचं म्हणून त्या एवढ्या हरखल्या होत्या, की वाद घालत बसल्या नाहीत. "बुडायची न्हाई ना वो ती?" एवढंच त्यांनी विचारलं.

"माझ्या हातचं काम हाय. बिनघोर जा."

रविवारी कौशल्याबाई हिरवं लुगडं नेसून जीपमधून गेल्या. उद्धवराव खोटं निभावायला दुकान उघडून बसले आणि दुपारी खरोखरच एक ट्रक आला. चाकणचा ज्ञानदेव ड्रायव्हर, उतरला तोच तोंड सोडत.

"राव, परवा काय वायरिंग केलंत? घाटात गाडी बंद पडली. चावी काढली, तर पार्किंगचे दिवेबी गेले! मागनं एकजण आदळता आदळता ऱ्हायला."

"चावी काढल्यावर दिवे कशाला पाहिजेत?"

"उभ्या गाडीलाच लागत्यात की ते!"

उद्धवराव भांडायला तोंड उघडणार होते, ते तसेच थांबले. उभ्या गाडीला. साहेब बोट मध्यावर उभी करणार होते. उभी म्हणजे इंजिन बंद, चावी बंद आणि पंपही बंद. पाणी मात्र फळ्यांखाली झिरपत राहणार, कुणाला दिसणारही नाही. ज्याने ती वायर थेट घेतली होती त्याला सगळं कळत होतं. येडा दुसराच निघाला.

"गाडी वळव," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांना ओळखू येईना. "पवना धरण. कौशल्या हाय तिथं बोटीत."

वाटेत त्यांनी तुळजाभवानीला काय काय कबूल केलं, त्याचा मेळ देवीलाही लागला नसता. बैलगाडीमागे ट्रक जरा हळू झाला की ते हात लांबवून स्वतःच हॉर्न दाबत. विहिरीतून वर काढलेलं ते चुलतभावाचं तोंड सारखं डोळ्यांपुढे येत होतं, आणि आता ते कौशल्याचं दिसत होतं.

धरणावर पोचताच बोट दिसली. जलाशयाच्या मध्यावर निवांत उभी, पण मागची बाजू खाली गेलेली आणि नेमकं तिथेच हिरवं लुगडं. ज्ञानदेवने हॉर्न दाबून धरला. बोटीतल्या मंडळींनी आनंदाने हात हलवले. कौशल्याबाईंनीही हलवला.

काठावर भिमाजी नावाचा मासे धरणारा आपल्या होडीत जाळं आवरत होता. त्याला कसंबसं सगळं सांगितलं.

"चावी लावा, येवढंच सांगायचं ना? आमी जातो. तुमी ऱ्हावा हितंच, तुमचा रंग बरा दिसत न्हाई."

निरोप दोन शब्दांचा होता, भिमाजीने सहज पोचवला असता. पण काठावर उभं राहून बघत बसणं उद्धवरावांना जमेना. ते होडीत चढले, चढले म्हणजे जवळजवळ पडलेच. डोळे मिटले तर विहीर दिसे, उघडले तर पाणी. दोन्ही कडा धरून, दात आवळून ते बसून राहिले.

हाकेच्या टप्प्यात येताच ते ओरडले, "साहेब, चावी लावा! चावी! अन् कुणी उठू नका!"

उठू नका म्हटलं की माणूस आधी उठतो. साहेब उठले. तळातलं पाणी सगळं एका अंगाला धावलं, बोट कलंडली आणि फळ्यांच्या फटींतून काळं पाणी भसाभस वर आलं. पद्मजाबाई किंचाळल्या. कौशल्याबाई कड धरून पाण्यावर ओणव्या झाल्या. उद्धवरावांना वाटलं, गेली.

साहेब मटकन खाली बसले तशी बोट सावरली. खिशातून चावी काढून त्यांनी लावली, फिरवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तळात घुर्र झालं आणि बाजूच्या नळीतून पाण्याची धार बाहेर पडू लागली.

उद्धवराव सरपटतच बोटीत गेले. पाणी बॅटरीच्या खोक्याला टेकलं होतं. त्यांनी वायर चावीवरून सोडवली आणि थेट बॅटरीला आवळली. "आता काढा चावी," ते म्हणाले. साहेबांनी काढली. पंप चालूच राहिला.

"चावीवरून घेतली होती?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. चुकलं माझं."

साहेब वाकून नळीतून पडणारी धार बघू लागले. कौशल्याबाई मात्र नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

"ऐतवारी दुकान बंद असतंय," त्या हळूच म्हणाल्या. "ट्रकचं खोटं सांगितलंत. ही बुडणार हे तुमास्नी म्हाईत हुतं व्हय? म्हणून आला न्हाईत?"

दुपारपासूनची सगळी भीती एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे. उद्धवरावांना रडूच कोसळलं.

"न्हाई गं. मला पाण्याचं भ्या वाटतं. ल्हानपणापासनं."

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, भिमाजीच्या होडीकडे पाहिलं, मग लांबवरच्या काठाकडे.

"मग येवढं समदं पाणी वलांडून आलात कसं?"

तेव्हा कुठे उद्धवरावांनी आजूबाजूला पाहिलं. चहूकडे पाणीच पाणी होतं. त्यांनी दोन्ही हातांनी बायकोचा दंड धरला आणि साहेबांदेखत, पद्मजाबाईंदेखत, काठ लागेपर्यंत सोडला नाही.