रखमीच्या बापाचा झिरा

शेजारच्या बांधकामावर आज वाळूवर पाणी मारलं आणि तो वास आला.

बहात्तरच्या दुष्काळात आमची गंगा, म्हणजे गोदावरी, पुणतांब्याच्या अंगाला पार आटली होती. पात्रात झिरे खणून आम्ही वाटी-वाटीनं पाणी भरायचो. आमच्या आळीचा झिरा माझ्या वर्गातल्या रखमीच्या बापानं खणला होता. तरी रखमी कळशी घेऊन लांब, तापल्या वाळूत उभी असायची. आमचं भरून झालं की कुणीतरी वरून तिच्या कळशीत ओतायचं.

"काकू, सकाळधरनं उबी हाय वो," ती आईला म्हणाली.

"थांब की, झिरा बाटंल."

माझ्या हातात भरलेली वाटी होती. रखमी माझ्याकडं बघत होती.

मी ती आमच्याच हंड्यात ओतली.