डोमाभाऊचा नंबर

डोमाभाऊ माणसाले नाव नाई इचारे, "कोन्त्या नंबरच्या रस्त्यानं आली?" थेच इचारे. मी नवी नवरी, आमच्या फाट्यावर बसमधून उतरली, तवाबी हेच. मी म्हटलं, कुरखेड्याच्या. तं हासला. "कुरखेडा गाव हाय बाई. रस्त्याले नंबर असते."

थो रोडावरचा मैलकुली, दगडावर रस्त्याचे नंबर रंगवे. रिटायर झाला तरी मोहाच्या झाडाखालच्या जुन्या दगडापाशीच बसून राहे, जसा काई थ्याच्या बापानं गाडला. सरकारनं रस्त्याचा नंबर बदलवला, नवा दगड लावला, जुना नंबर दुसऱ्याच रस्त्याले देऊन टाकला. याले पटलंच नाई. "माह्या हातानं रंगवला थोच खरा. थे पोरखेळ करून राह्यले." अन् नव्या दगडाकडे पाठ.

करू दे ना पाठ, माहं काय जात होतं. पण माही पोरगी आठ महिन्याची, भर दुपारी तापानं फणफणली, डोळे फिरवले, हातपाय आखडले. तिले घेऊन मी पळत फाट्यावर. अँबुलन्सले फोन लावला, फोनवरची बाई इचारे कुठी हाव, अन् मी नुसती "मोहाजवळ, मोहाजवळ" करत रडून राह्यली. सातवी शिकली मी, दगडावरचं वाचता येते मले, पण तवा अक्षरच दिसे ना. डोमाभाऊनं फोन हिसकला. जुना नंबर सांगला, किलोमीटरासकट, ऐटीत. "नंबर सांगता येत नाई अन् गाड्या बलावता!"

अर्ध्या तासानं डायव्हरचा फोन. "बाई, मी नंबरावर उभा हावो, तुमी कुठी?" थो दुसऱ्याच रस्त्यावर! पोरीचे ओठ निळे पडले. तेवढ्यात गडचिरोलीची बस दिसली, मी रोडावर आडवीच झाली. बसवाल्यानं नंबर नाई इचारला. दवाखान्यापर्यंत कुठी थांबलाबी नाई.

पोरगी वाचली. पाच दिवसानं फाट्यावर उतरलो तं थो थितीच. पोरीकडे पाह्यलं नाई. म्हंते, "नंबर बरोबर होता, गाडीच चुकली."

थुकली मी थ्याच्या दगडावर.

आता दुसरं पोटात हाय. लय भेव वाटते. म्हून गाडीवाल्याले दुरून दिसाव, मोहाले लुगडं बांधलं. लाल होतं घरात, पण लाल पाह्यलं का पोलीस नक्षल्यायचं समजून इचारपूस करतेत, म्हून पिवळं. आता अँबुलन्सवालेबी म्हंतेत, पिवळ्या लुगड्याचा फाटा. डोमाभाऊ बोंबलते, "लुगडं काय नंबर हाय का?"

पण नवा डायव्हर आला का थ्यालेच इचारते, "काका, पिवळ्या लुगड्याचा फाटा कोन्ता?" थो तोंड वाकडं करते, पण हात वर करून लुगडंच दाखवा लागते.