नळीचं आतलं माप

चाळीस वर्षं मी ब्लाउज शिवले. त्यातली पहिली काही वर्षं वाईट शिवले, हे सांगायला आता हरकत नाही. ज्यांचे बिघडवले त्यांतल्या निम्म्या जणींना ते आठवत नाही, आणि उरलेल्या माझ्याशी बोलत नाहीत.

बिघडायचं कारण म्हणजे माझी नजर. पंचविशीत मला असा दांडगा भ्रम होता की बाई दारातून आत आली की तिचं माप मला कळतं. टेप गळ्यात असायची, पण दागिना म्हणून. "ज्याला टेप लागते त्याचा हात कच्चा," हे माझं त्या काळातलं वाक्य. बुधवार पेठेतल्या एका शिक्षिकेचा ब्लाउज मी असाच नजरेनं बेतला. भावाच्या लग्नात अक्षता टाकायला तिनं हात वर केला आणि काखेत टर्रकन उसवलं. दोन दिवसांनी ती आली, ब्लाउज मशीनवर ठेवला आणि म्हणाली, "नजर चांगलीये हो तुमची. चष्म्याच्या दुकानात बसा." तेव्हापासून मी टेप वापरायला लागले. म्हणजे कपड्यांपुरती. बाकी सगळीकडे नजरच.

सहा वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत दुखलं आणि अँजिओग्राफी झाली. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रंग सोडतात आणि एक्स-रेवर त्या रंगाची सावली बघतात. एक रक्तवाहिनी मध्येच चिमटीत धरल्यासारखी दिसत होती. डॉक्टर तरुण होते, मवाळ बोलणारे.

"काकू, स्टेंट घालावा लागेल. जाळीची नळी असते, फुग्यानं आत फुलवून बसवतो. फक्त एक विचारायचं होतं. ह्या सावलीवरून अंदाज येतो, पण रक्तवाहिनीच्या आत छोटा कॅमेरा फिरवला तर भिंत आतून दिसते, माप नेमकं मिळतं. भिंतीत थोडं कॅल्शियमही साचलेलं वाटतंय. कॅमेरा वापरू या का?"

तर अशा वेळी शहाण्या बाईनं काय म्हणावं? चौसष्ट वर्षांची, दोन नातवंडांची आजी असलेली ही बाई म्हणाली, "म्हणजे नुसतं बघून तुम्हाला कळत नाही?"

"अंदाज येतो, काकू. पण—"

"मग झालं तर. आत आणखी काही खुपसायला नको."

माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं ते मला लख्ख आठवतं. ह्या मुलाचा हात कच्चा आहे, असं चाललं होतं. ज्या वाक्यानं एका बाईला भर मांडवात काखेत उसवलं, तेच वाक्य मी हृदयाच्या डॉक्टरला लावलं. डॉक्टरांनी आग्रह धरला नाही. स्टेंट बसला, दुखायचं थांबलं, आणि मी सोसायटीत सांगत फिरले, "आमच्या ह्यांना कॅमेराबिमेरा काही लागला नाही."

गेल्या हिवाळ्यात आम्ही मंडईतून मटार घेऊन आलो. पहिल्या मजल्यावर हे थांबले आणि विजेचे मीटर वाचायला लागले.

"अहो, काय बघताय?"

"रीडिंग."

"शेजाऱ्यांचं?"

उत्तराला लागणारा श्वासच नव्हता.

पुन्हा अँजिओग्राफी. डॉक्टर तेच. आता मला आजी म्हणाले, पण तेवढ्या वर्षांत त्यांचेही केस मागे सरकले होते, म्हणून मी सोडून दिलं. ते म्हणाले, "पूर्वीच्या स्टेंटच्या आतच पुन्हा अरुंद झालंय. का झालं ते आधी आत जाऊन बघू. कारण सापडलं तर तिथंच दुरुस्त करता येईल. नाही जमलं तर बायपासचा विचार करावा लागेल."

ह्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, त्यात मधुमेह. छाती उघडायची म्हटल्यावर आमच्याबरोबर आलेल्या लेकीचा चेहरा उतरला. माझी भीती वेगळी होती. 'का झालं' ह्याचं उत्तर मला बहुतेक ठाऊक होतं.

"कॅमेरा वापरा," मी म्हटलं.

"आजी, ह्या वेळी मी विचारत नाहीये."

ह्यांना आत नेल्यावर थोड्या वेळानं आम्हा दोघींना काचेपलीकडच्या खोलीत बोलावलं. पडद्यावर एक गोल होता, आणि त्याच्या कडेनं चमकणारे ठिपके. ते ठिपके म्हणजे जाळीच्या तारा, आणि मधली काळी जागा म्हणजे रक्ताची वाट. आतून ओढत आणलेल्या कॅमेऱ्यानं अशी चित्रं एकापाठोपाठ एक काढली होती. डॉक्टर ती सरकवत गेले. गोल, गोल, गोल. आणि मग एकदम चेपलेला, पाय पडलेल्या डब्यासारखा.

"इथं भिंतीत कॅल्शियमचा जाड थर आहे. त्यानं जाळीला पसरू दिलेलं नाही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"बहुतेक पहिल्या दिवसापासून."

"तेव्हा कॅमेरा घातला असता तर दिसलं असतं?"

"दिसलं असतं. मग आधी तो थर फोडला असता. तरी पुन्हा अरुंद झालंच नसतं असं मी म्हणणार नाही. आणि आग्रह मीही धरायला हवा होता."

लेक म्हणाली, "पण तेव्हा कॅमेरा नव्हताच ना?"

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले. भला माणूस.

"होता," मी म्हटलं. "मी नको म्हणाले."

"आई!"

"ओरडू नकोस. आत बाबा आहेत."

ती ओरडली नाही. बाहेर जाऊन बाकावर बसली, माझ्यापासून दोन जागा सोडून. थर फोडायला एक खास फुगा असतो, त्यातून लहरींचे धक्के देतात, मग दुसऱ्या फुग्यानं जोर लावून जाळी पसरवतात. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा फक्त इतकंच समजत होतं की वेळ जात नाहीये.

पुन्हा आत बोलावलं. पुन्हा कॅमेरा फिरवला होता. जिथं चेपलेला डबा होता तिथं आता गोल दिसत होता. अगदी भाकरीसारखा गोल नाही, एक बाजू किंचित बसकी होती. डॉक्टरांनी पडद्यावर ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढली, आकडा वाचला आणि म्हणाले, "पुरेसा उघडलाय. बायपास नको." लेकीनं माझा हात धरला. रागात धरला की आनंदात, ते मी विचारलं नाही.

ह्यांना खोलीत आणल्यावर ती चहा आणायला खाली गेली. मी संधी साधली.

"अहो, एक सांगायचंय. गेल्या खेपेला कॅमेऱ्याला मीच नको म्हटलं होतं."

"माहितीये."

"कसं?"

"तिथंच होतो की मी. तुझ्याच शेजारी, खाटेवर. पेशंट म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही." त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "आणि तू इतक्या खात्रीनं बोलत होतीस की मला वाटलं, हिला काहीतरी माहीत असणार."

नळी घातली होती त्या मनगटावरच्या पट्टीकडे बघून मी विचारलं, "घट्ट होतीये का?"

"जरा होतीये."

माझ्या नजरेला ती ठीक वाटत होती. मी सिस्टरना बोलावलं.