सुलभाताईंची वही आणि मी न केलेला फोन

सुलभाताई पळसुले यांची आणि माझी ओळख झाली, ती मी त्यांच्या ॲपचे सभासदत्व बंद केले त्या दिवसामुळे. मी तेव्हा हडपसरच्या एका आयटी कंपनीत नोकरीला होते. यवतमाळहून आईला काही महिने राहायला आणले होते. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी बसून ती कंटाळेल म्हणून 'माजघर' नावाचे मराठी ॲप घेतले. हौशी संघांची, कामगार स्पर्धांतली, शाळांच्या संमेलनांतली जुनी नाटके त्यावर पाहायला मिळत. आई गावी परतली, मी ॲप बंद केले, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला.

"नमस्कार. माजघरमधून सुलभा पळसुले बोलतेय. आपण काल सभासदत्व बंद केलंत. परत घ्या म्हणायला फोन केलेला नाही. काही बघायचं राहिलं का, एवढंच विचारायचं होतं."

मी सांगितले की पाहणारी आई होती, ती गेली गावाला. मला वेळ नसतो.

"मग बंद केलंत ते बरोबरच केलंत. पण आईंचं एक नाटक अर्ध्यावर राहिलंय. त्यांचा नंबर द्या, शेवट मी सांगते."

मी नंबर दिला. त्या संध्याकाळी आईचा फोन आला. "बाई मोठी चांगली हाय व. सारं नाटक सांगितलं मले, कोण कुठून आलं, कोण रडलं, सारं!" एका बंद झालेल्या सभासदाच्या आईसाठी अर्धा तास घालवणारी ही बाई कोण, हे पाहायला मी त्या शनिवारी सदाशिव पेठेत गेले, आणि दोन महिन्यांनी नोकरी सोडून माजघरमध्ये रुजू झाले. घरचे म्हणाले, डोके फिरले आहे. तेवढी एकच गोष्ट मी त्या काळात डोके ठिकाणावर ठेवून केली, असे आता वाटते.

माजघर म्हणजे एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. तिथला कारभार ताई पाहत, आणि त्यांची कामाची एक पद्धत होती. लोक घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट घेऊन येत. त्यांची नक्कल ॲपवर चढवण्याआधी ताई ते नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः पाहत आणि लांबट वहीत लिहीत जात. कोण कुठल्या बाजूने आले, हातात काय होते, प्रेक्षक कुठे हसले, कुठे आवाज गेला. ॲपवर त्यातल्या जेमतेम चार ओळी जात. मी एकदा म्हटले, "अहो ताई, एवढं कोण वाचणार आहे?"

"चित्र धूसर आहे ना? मग बघणाऱ्याला काही दिसलं नाही तर सांगायला कुणाला तरी माहीत हवं." एवढे बोलून त्या पुन्हा लिहायला लागल्या.

सभासदत्व बंद करणाऱ्या प्रत्येकाला फोन करणे, ही दुसरी पद्धत. माझ्या वऱ्हाडी बोलण्याला कार्यालयातले लोक हसत, तेव्हा ताईंनी ते फोन माझ्याकडे दिले. "हिच्या बोलण्यात घाई नसते. आपण पुणेकर फोन उचलतो तेच ठेवण्यासाठी," असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. त्यानंतर कोणी हसले नाही.

या काळात एका गुरुवारी नाना शितोळे आले. हडपसरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. टॉवेलात गुंडाळलेली कॅसेट त्यांनी टेबलावर अशी ठेवली, की मी चहाचा कप आपोआप बाजूला घेतला. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी शेजारणीचे काम केले होते. लीलाबाई आता नव्हत्या, आणि त्यांचा चालता-बोलता असा एवढाच पुरावा जगात होता. कॅसेटला बुरशी लागली होती. नक्कल एकदाच निघाली, तीही कशीबशी.

"आता काळजी नको, नाना," ताई म्हणाल्या. "मी आहे तोवर लीलाबाई इथे आहेत."

नानांनी त्या शब्दावर विसंबून ती बुरसटलेली कॅसेट भंगारात दिली. कारखान्याची सुट्टी गुरुवारची, म्हणून निवृत्तीनंतरही ते दर गुरुवारी दुपारी मोबाइलवर ते नाटक पाहत. त्या नाटकाला दुसरा प्रेक्षक नव्हता.

मग मोठ्या कंपन्या मराठीत उतरल्या. कोणी क्रिकेट दाखवत होते, कोणी मोबाइलच्या रिचार्जबरोबर ॲप फुकट देत होते, कोणी पहिले तीन महिने मोफत देत होते. आमचे जुने सभासद गळू लागले. माजघरमध्ये पैसे घातलेली मंडळी बैठकीत एकच प्रश्न विचारत : दर महिन्याला किती वाढले? वाढीचे काम माझ्याकडे आले, आणि खरे सांगते, मला ते आवडू लागले. पडद्यावरची रेघ वर चढताना पाहण्यात एक नशा असते. मीही पहिला महिना फुकट दिला. 'खास तुमच्यासाठी' म्हणून यंत्राने निवडलेली रांग आणली आणि ताईंच्या चार ओळी काढून टाकल्या. सभासदत्व बंद करण्याचे बटण पाच पडद्यांच्या मागे नेऊन ठेवले. निरोपाचे फोन थांबवले, कारण बंदच कोणाला करता येईना.

ताईंनी एके दिवशी ते बटण स्वतः शोधून पाहिले. मग मला हाक मारली. "वैशाली, मंगल कार्यालयात जेवायला आलेल्या पाहुण्यांच्या चपला लपवून ठेवतात का गं, ते अजून बसावेत म्हणून?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. पण बटण जागेवर आण असा हुकूमही त्यांनी दिला नाही. मला आपणहून कळेल असे त्यांना वाटले असावे. त्यांच्या स्वभावात दोष काढायचाच तर हाच काढता येईल, की समोरच्याला आपल्याइतके शहाणे समजण्याची त्यांना सवय आहे.

सभासद वाढले आणि एका मोठ्या कंपनीने माजघरला आपल्यात घेण्याची तयारी दाखवली. अट अशी, की ज्या नाटकांना एखाददुसराच प्रेक्षक आहे ती आधी काढून टाकावीत. यादी मी केली. ताईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "काही पुसण्याआधी यातल्या प्रत्येकाला फोन कर. त्यांना त्यांची नक्कल परत द्यायची. मी शब्द दिलेला आहे."

मी हो म्हटले. फोन केले नाहीत. यादी लांब होती, कंपनीची माणसे घाई करत होती, आणि प्रत्येक फोनवर अर्धा तास जाणार हे मला अनुभवाने माहीत होते. मी सगळ्यांना एक ठरावीक संदेश पाठवला : महिनाभरात आपली नक्कल उतरवून घ्यावी. ताईंनी विचारले, "झाले फोन?" मी म्हटले, "झाले, ताई. सगळ्यांना केले." महिना संपल्यावर ती नाटके पुसली गेली. मी आयुष्यात अनेक लहानमोठ्या थापा मारल्या आहेत, पण ही एक अजून घशात अडकलेली आहे.

पुढच्याच गुरुवारी नाना बसने सदाशिव पेठेत आले. जिना चढून धापा टाकत त्यांनी मोबाइल ताईंच्या पुढे धरला. "ताई, ॲप हाय, पर आमची लीला न्हाई त्यात. मागल्या बेस्तरवारी व्हती. माझं कायतरी चुकीचं दाबलं गेलंय का, बघा की."

आपल्याच हातून काही चुकले, असे त्यांना वाटत होते. संदेश आला होता. नाना संदेश वाचत नाहीत, हे माजघरमध्ये सर्वांना ठाऊक होते. ताईंनी मला विचारले, "वैशाली, नानांना फोन कोणी केला होता?" मी खाली पाहत राहिले. ताईंना काय ते कळले. मग त्या नानांकडे वळल्या.

"नाना, तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. मी सांभाळायला हवं होतं, मी नाही सांभाळलं."

आम्ही सगळीकडे शोधले. कुठेही काही उरले नव्हते. नाना रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, "र्‍हाऊ द्या ताई. तुमी तरी किती बगणार," आणि जिना उतरून गेले. ताईंनी त्याच आठवड्यात माजघर सोडले. मला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि खरे काय घडले ते कोणालाही सांगितले नाही. पैसे घातलेल्या मंडळींनी त्यांच्या निरोप समारंभात त्यांना 'नव्या काळाशी न जुळलेल्या, पण आदरणीय' म्हटले, तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. पुढे मोठ्या कंपनीने माजघरचा विभाग वर्षभर ठेवला आणि बंद केला. आमचे वाढवलेले सभासद क्रिकेट पाहायला तिथेच राहिले.

ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी गौरव समितीने मला विषय दिला होता : 'स्पर्धेच्या काळात ताईंनी सभासद कसे वाढवले'. माहिती घ्यायला म्हणून, इतक्या वर्षांत प्रथमच, मी ताईंच्या घरी गेले. योगायोगाने गुरुवार होता, दुपार होती. त्यांनी दार उघडले, खुणेने मला बसवले आणि पुन्हा फोनपाशी गेल्या. समोर तीच लांबट वही उघडी होती. चष्मा सावरत त्या फोनवर वाचत होत्या.

"लीलाबाई डावीकडून येतात. हातात पितळी वाटी. पदर सारखा करतात. वाक्य विसरतात. पहिल्या रांगेतून कोणीतरी हळूच वाक्य सांगतं..."

"मीच व्हतो त्यो!" पलीकडून नानांचा आवाज आला.

"हो, नाना. त्या तुमच्याकडे बघून हसतात, आणि मग बोलतात. मोठा हशा."

"येकदा परत वाचा की तेवढंच."

ताईंनी तेवढेच परत वाचले. हे दर गुरुवारी चालते, माजघर सोडल्यापासून, एकही आठवडा न चुकता. मी तिथे बसून रडले. ताईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि कोरडेपणाने म्हणाल्या, "वहीवर नको सांडूस. दुसरी प्रत नाही."

मी म्हटले, "ताई, नानांना सांगा ना, चूक माझी होती म्हणून."

"मी कशाला सांगू? तो फोन तुझ्याकडे होता. तो अजून व्हायचा आहे."

लेख लिहायला बसण्याआधी मी तो फोन केला. बोललेली थाप, न केलेला फोन, सगळे सांगितले. नानांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ताईंचा घसा दुखतोय म्हनं हल्ली. येत्या बेस्तरवारी तुमी वाचा."

मी वाचले. ताई शेजारी बसल्या होत्या. लीलाबाई डावीकडून आल्या, पितळी वाटी आली, पदर झाला, आणि वाक्य विसरतात त्या जागी माझा आवाज बंद पडला. ओळ समोर होती, वाचता येईना. तेव्हा पलीकडून नानांनी हळूच वाक्य सांगितले : "वाटीभर साखर द्या म्हनती ती. म्हना, म्हना." मी म्हटले.

म्हणून समितीने दिलेला विषय माझ्याकडून लिहून झाला नाही. नानांना लीलाबाई पुन्हा दिसणार नाहीत, आणि ते माझ्यामुळे. या लेखाने त्यात काही फरक पडत नाही. ताईंच्या पंच्याहत्तरीला जमलेल्या आपणा सर्वांना एवढेच ठाऊक असावे, की ज्या चुकीसाठी ताईंनी स्वतःला बोल लावून घेतला, ती त्यांची नव्हती.

ताई, आपल्याला दीर्घायुष्य आणि निरोगी प्रकृती लाभो, असे या ग्रंथात प्रत्येकाने लिहिले असेल. मीही लिहिते, पण त्यात माझा स्वार्थ आहे. आपला घसा बरा होवो, डोळ्यांना ते बारीक अक्षर दिसत राहो. वहीत न लिहिलेले असे त्या नाटकातले जे काही आहे, ते आता फक्त आपल्याला आणि नानांना आठवते. मी गुरुवारी येते आहे. मी वाचेन, आपण दोघे मला चुकलेले सांगत राहा.