नववा भाग

कोऱ्या पुस्तकाच्या शाईचा वास आला की बर्मिंगहॅममधली ती दुपार आठवते. लेकीने आवडत्या जपानी मांगा चित्रकथा-मालिकेचा नववा भाग आणला होता. मेंदूविकारांचे डॉक्टर असलेले तिचे बाबा तो चाळताना थबकले, पहिला भाग शेजारी ठेवून म्हणाले, "रेषा बघ, इथे सरळ आहे, इथे थरथरतेय. हा चित्रकार आजारी आहे." "बाबा, प्लीज, दॅट्स हिज स्टाइल!" लेक चिडली. पुस्तकातही पेशंट शोधतात म्हणून मी हसले. पुढे प्रकाशकांनी चित्रकाराच्या प्रकृतीमुळे मालिका थांबवली. दहावा भाग आलाच नाही. काल यांनी लेकीच्या वाढदिवसाच्या कार्डावर तिचं नाव लिहिलं. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली, मग उठून तिने कपाटातून नववा भाग काढला.