रोडग्यांची पार्टी आणि ईवाईची कवळी

मी आयुष्यात एकदाच रोडग्यांची पार्टी दिली. तेव्हापासून आमच्या घराण्यात माझ्या हाती कोणी काडीपेटी देत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या पल्लवीचं लग्न झालं होतं, आणि नाताळच्या सुट्टीत तिला घेऊन तिचे सासू-सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. म्हणजे आमचे ईवाई आणि ईहीन (पुण्याकडे यांनाच व्याही-विहीण म्हणतात, आणि उगाच जास्त घाबरतात). ईवाई साकोलीकडचे. बोलायला कमी, पण भजनात त्यांच्या आवाजाचं पंचक्रोशीत नाव. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गावी सप्ताह बसणार होता आणि पहिलं भजन त्यांचंच होतं. तरी सुनेच्या माहेराला मान द्यायचा म्हणून येतो म्हणाले.

"वरण-भात, वांग्याची भाजी आन् थोडे अनारसे करते घरीच," सुनंदा म्हणाली. ही माझी बायको.

"घरीच? अवं, थंडीचे दिवस आहेत! गुणवंताच्या वावरात रोडग्यांची पार्टी करू. निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, नदी, किल्ला, बोडीचं पाणी... लोकं नाव काढतीन!"

"रोडगे कोण भाजन?"

"मी!"

सुनंदानं माझ्याकडे असं पाहिलं, की बोडीचं अख्खं तळं गोठावं.

मी वरठीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. तीस वर्षं नटबोल्ट मोजले, त्यामुळे नियोजन रक्तात आहे. लगेच मोबाईलवर ग्रुप काढला आणि वेळापत्रक टाकलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी गवऱ्या पेटवणे. दहाला रोडगे निखाऱ्यात. सव्वादहा ते सव्वाअकरा पाहुण्यांना पवनी-दर्शन. साडेअकराला पंगत.

"नऊ दहाले काहून?" सुनंदा म्हणाली. "सव्वानऊ झाले तं गवऱ्या रुसतीन का?"

पार्टीच्या दिवशी पवनीजवळ गुणवंताच्या वावरात, बोडीच्या पाळीवर, सगळे जमलो. गुणवंत माझा धाकटा भाऊ. हाडाचा शेतकरी, पाच हजार रोडगे तरी भाजले असतील त्यानं. तो बाह्या सरसावून पुढे आला, तर मी त्याला हातानंच थांबवलं.

"तू सर. मी व्हिडिओ पाहून आलो आहो."

"दादा, रोडग्याले व्हिडिओ नाही लागत. डोळा लागते. टाकून कुठं जाऊ नोको, पलटवत राहा."

"मंद आचेत चव मुरते, गुणवंता! तू घरून ताजं तूप कढवून घेऊन ये." (घर गावात, चार किलोमीटरवर. जाणकार माणसाला मी असा वाटेला लावला!)

रोडगे पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांत पुरले, वरून राख ओढली, राखेवर आणखी दहा गवऱ्या रचल्या. व्हिडिओत दोनच होत्या, पण पाहुणे मोठे. मग सगळ्यांना गाडीत कोंबून पवनीचा किल्ला दाखवला, वैनगंगेचा घाट दाखवला, स्तूपाच्या जागी नेऊन मला माहीत नसलेला इतिहासही सांगितला. ईवाई सगळ्याला "हाव, हाव" म्हणत होते. परत निघालो, तर रस्त्यावर धान खरेदी केंद्रासमोर ट्रॅक्टरांची रांग! पुढे पोती, मागे पोती, मधोमध आमची गाडी.

"अजी, रोडगे!" सुनंदा.

"मुरून राहिले!" मी.

"मले गोळी घेतल्यावर खा लागते," ईवाई पहिल्यांदाच पूर्ण वाक्य बोलले. "सुगर आहे."

ईहीनबाईंनी पिशवीतून त्यांना दोन बिस्किटं दिली आणि माझ्याकडे पाहिलं. एवढंच. पण पुरेसं होतं.

दीड वाजता वावरात पोचलो. गुणवंत तुपाची बरणी मांडीवर घेऊन राखेसमोर बसला होता, सरणाजवळ बसावं तसा.

"मी आलो तवाच कोळसा झालते, दादा."

"वरून काळे दिसतात. आतून लोण्यासारखे असतीन!" असं म्हणून मी एक रोडगा दगडावर आपटला. दगडाचा टवका उडाला. तरी मी आतला गर शोधून (शोधला म्हणजे कोरला) तुपात बुडवला आणि पहिला मान म्हणून ईवाईंच्या हातावर ठेवला. सज्जन माणूस. नाही म्हणाले नाहीत. चावले.

कट्ट!

"फुटला!" मी आनंदानं ओरडलो.

फुटला होता, पण रोडगा नव्हे. ईवाईंनी तोंडातून वरच्या कवळीचे दोन तुकडे काढून हातरुमालावर ठेवले.

"ईवाई," ते म्हणाले, "उद्या माधं भदन हाये!"

कोणी हसलं नाही. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही मनातून गार पडलो होतो, पण तयारीचा माणूस! माझ्या पिशवीत झटपट चिकटवायची ट्यूब कायम असते.

"बाबा, नोका ना!"

"दादा, राहू दे!"

"अजी, तुमच्या पाया पडते!"

मी तिघांनाही गप्प केलं. ट्यूब दाबली. आधी काहीच येईना, मग सगळंच आलं. तुकडे जुळवून साठ आकडे मोजले आणि अभिमानानं हात वर केला. कवळी जुडली होती. फक्त ती माझ्या अंगठ्याला आणि दोन बोटांनाही जुडली होती.

सुट्टीचा दिवस, पवनीतले दवाखाने बंद. तसेच भंडाऱ्याला निघालो. गुणवंत गाडी चालवत होता, पुढे बिनदातांचे ईवाई, मागे बायकांच्या मधे मी, मांडीवर उघडी कवळी. सगळी वाट ती एकटीच हसत होती.

दातांचे डॉक्टर घरीच सापडले. आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहत म्हणाले, "पेशंट कोण?"

आम्ही दोघांनीही हात वर केले. दात माझ्या हातात होते.

डॉक्टरांनी हसू गिळून विचारलं, "नेलपॉलिश काढायचं कोणाजवळ आहे का?"

पल्लवीनं पर्समधून बाटली काढली.

"तुह्याजवळ होतं? मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"तीनदा सांगतलं, बाबा. तुम्ही साठ मोजून राहिले होते!"

डॉक्टरांनी कापसानं एकेक बोट सोडवलं, सात वाजेपर्यंत कवळी नीट सांधून दिली, आणि वाटेत एका खानावळीत आम्ही सगळ्यांनी मुकाट्यानं वरण-भात खाल्ला. ईवाईंचं भजनही दुसऱ्या दिवशी रंगलं म्हणे. पल्लवीचा फोन आला तेव्हा मी देवाला नारळ फोडला (म्हणजे गुणवंतानं फोडला. मला धरू दिला नाही).

पुढच्या हिवाळ्यात पार्टीचं आमंत्रण ईवाईंकडूनच आलं. कोणी काय आणायचं, ते स्वतः फोनवर सांगत होते. सुनंदानं अनारसे, गुणवंतानं वांगी.

"आन् मी काय आणू, ईवाई?" मी विचारलं.

"तुम्ही काहीच नोका आणू. हात हलवत या," ते प्रेमानं म्हणाले. मग जरा थांबले. "आन् एकदा का आले, का मंग हलवू नोका!"