कुमुदताई आणि रोजचं एक पुस्तक

कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती नोकरीच्या मुलाखतीत. लग्न होऊन मी साताऱ्याहून इंदूरला आले होते आणि इथल्या एका जुन्या मराठी वाचनालयात साहाय्यकाची जागा निघाली होती. ताई तेव्हा ग्रंथपाल होत्या. मी प्रमाणपत्रं पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि विचारलं, "दुपारी घरी कोण असतं तुझ्यासोबत?" कुणीच नाही, म्हटल्यावर म्हणाल्या, "मग डबा घेऊन इथेच ये. कल से." मी मुलाखतीची तयारी करून गेले होते, ती सगळी वाया गेली.

ताईंच्या शिस्तीबद्दल त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलं असेलच. पुस्तकाचं पान दुमडणाऱ्या सभासदाला त्यांनी कधी माफ केलं नाही, मग तो कितीही मोठा अधिकारी असो. निवृत्तीनंतरही त्या रोज येत राहिल्या. यजमान गेल्यावर मात्र त्यांचं येणं दीड वर्ष बंद होतं, तेवढाच काय तो खंड. मला सांगायचं आहे ते त्या परत आल्यानंतरचं.

दामले सर हे गणिताचे निवृत्त शिक्षक, आमचे जुने सभासद. पत्नी गेलेली, मुलगा परदेशात. एका वेळी दोन पुस्तकं न्यायची मुभा असूनही सर रोज एकच न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते बदलायला हजर. वर काउंटरवर अर्धा तास गप्पा. तोवर मी ग्रंथपाल झाले होते. सरांचे गुडघे दुखतात हे पाहून मी मोठ्या उत्साहाने त्यांच्यासाठी घरपोच सेवा सुरू केली. शिपाई महिन्यातून एकदा चार पुस्तकं पोहोचवू लागला. आपण किती चांगलं काम केलं, म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश होते.

तीन महिन्यांनी ताईंनी विचारलं, "दामले सर दिसत नाहीत?" मी अभिमानाने योजना सांगितली. त्यांनी सरळ पर्स उचलली आणि मलाही उठवलं.

आम्ही सरांच्या घरी पोहोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. घर लख्ख, सरांचा शर्ट कडक इस्त्रीचा. "सब बढिया आहे हो, एकदम मस्त," असं म्हणत त्यांनी आमच्यापुढे पोहे-शेव ठेवली. निघालो तर नको नको म्हणताना ते फाटकापर्यंत आले, मग कोपऱ्यापर्यंत. ते माघारी वळल्यावर मी म्हटलं, "छान आहेत की सर."

"काय छान? दार उघडल्यावर पहिला शब्द बोलायला तीनदा खाकरावं लागलं त्यांना. सकाळपासून आवाजच वापरला नव्हता गं. कमरेच्या पट्ट्याला चाकूने पाडलेलं नवं भोक आहे, ते पाहिलंस? आणि तुझी या महिन्याची चारही पुस्तकं तशीच बांधलेली पडली आहेत."

यातलं मी काहीच पाहिलं नव्हतं. मी पाहिली होती इस्त्री. या बाईंना आणखी काय काय दिसत असेल, या विचाराने मला त्यांची अक्षरशः भीती वाटली. आणि स्वतःची लाज वाटली, कारण रोज घराबाहेर पडायचं सरांचं एकुलतं एक निमित्त मी मदतीच्या नावाखाली काढून घेतलं होतं.

ताई तिथूनच मागे फिरल्या. सरांना गाठून म्हणाल्या, "सर, घरपोच बंद. चारही पुस्तकं कल वापस पाहिजेत. यापुढे रोज एकच मिळेल."

"अरे, असं कसं? ये तो जुल्म आहे, ताई!" सर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी कुलूप उघडायला गेले तर ते पायरीवर उभे होते. दोन महिन्यांत पट्टा जुन्या भोकावर आला.

तेव्हापासून एकट्या राहणाऱ्या सभासदांच्या नावापुढे आमच्या वहीत पेन्सिलीचा एक ठिपका असतो. ठिपकेवाला चार दिवस फिरकला नाही, तर आमच्यातलं कुणीतरी त्याच्या घरी जातं. फोन करायचा नाही, हा ताईंचा दंडक. "फोनवर सगळेच मजेत असतात," त्या म्हणतात.

मागच्या वर्षी मी धीर करून विचारलं, "ताई, तुम्हाला हे कळतं कसं?"

त्या पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे गेल्यावर मी रोज सियागंजच्या किराणा बाजारात जायची. पोत्यांनी विकणाऱ्या ठोकवाल्याकडे पाव किलो जिरं मागायला. तो भिया विचारायचा, 'अम्माजी, आज क्या दूँ?' दिवसभरातलं बोलणं तेवढंच. इतकं जिरं झालं घरात की शेवटी वाटून टाकलं."

ती दीड वर्षं आम्ही सगळे याच शहरात होतो. ताईंना विश्रांती हवी असेल, असं आमचं आम्हीच ठरवलं होतं. फोन मात्र नेमाने करत होतो आणि त्या प्रत्येक वेळी मजेत होत्या.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांना उत्तम आरोग्य लाभो, दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो आणि शंभरीच्या कार्यक्रमातही त्यांनी आम्हाला रागवावं, हीच प्रार्थना. वाचकांना एकच विनंती आहे. ताईंना शुभेच्छा पाठवू नका. त्या मल्हारगंजात एकट्या राहतात. घरी जा, बसा, आणि त्या "सब ठीक आहे" म्हणाल्या तरी लगेच उठू नका.